बोलोन्या : कमानींच्या सावलीतील विद्यानगरी

उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या नकाशावर अमेरिका, इंग्लंड आणि जर्मनी यांच्या जोडीला आता इटलीचीही गणना होऊ लागली आहे. त्यातही उत्तर इटलीतील बोलोन्या या शहराचे आकर्षण वेगळे आहे. पाश्चात्त्य जगातील सर्वांत जुने विद्यापीठ म्हणून या नगरीचा लौकिक आहे. इ. स. १०८८ हे विद्यापीठाचे स्थापनावर्ष मानले जाते. वस्तुतः त्या वर्षी कोणताही ठराव वा सनद झाल्याची नोंद नाही. १८८८ मध्ये आठवी शताब्दी साजरी करण्यासाठी कवी जोझुए कार्दुच्ची यांच्या पुढाकाराने हे वर्ष निश्चित करण्यात आले. वर्ष संकेताने ठरलेले असले तरी परंपरा मात्र अस्सल आहे. कोपर्निकस १४९६ मध्ये धर्मकायद्याच्या अध्ययनासाठी येथे आला होता, आणि १७३२ मध्ये लॉरा बास्सी या विदुषीला येथेच पदवी व अध्यासन मिळाले.

अशा शहरात पाहुणा म्हणून चार दिवस हिंडणे निराळे आणि विद्यार्थी म्हणून सहा महिने किंवा दोन वर्षे राहणे निराळे. पर्यटकाची वाट चुकली तर एक चौक पाहायचा राहतो. विद्यार्थ्याची वाट चुकली तर तास बुडतो, दंड भरावा लागतो, क्वचित परवान्याचाही प्रश्न उभा राहतो. म्हणूनच या शहरात वावरावे कसे, याची पद्धतशीर माहिती निघण्यापूर्वीच करून घेणे हिताचे ठरते.

प्रवासी विद्यार्थ्यांनी घडविलेले शहर

बोलोन्याचे विद्यापीठ राजाने वा धर्मपीठाने उभारलेले नव्हते. रोमन कायदा शिकण्यासाठी दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या तरुणांनी आपापल्या प्रदेशांनुसार संघ बांधले. हे संघच शिक्षकांशी करार करीत, त्यांचे मानधन ठरवीत आणि शिकवणे वेळेवर झाले नाही तर दंडही करीत. परमुलखातील विद्यार्थ्याची त्या काळी मोठी अडचण होती. त्याच्या गावच्या एखाद्या माणसाने कर्ज बुडविले तर सावकार त्या विद्यार्थ्यालाच धरून वसुली करीत असे. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याने बाराव्या शतकाच्या मध्यास दिलेल्या ‘हाबिता’ या सनदेने ही प्रथा मोडली आणि ज्ञानार्जनासाठी प्रवास करणाऱ्याला संरक्षण दिले. विद्यार्थ्याच्या मुक्त संचाराला युरोपात मिळालेली ही आरंभीची कायदेशीर हमी होय.

त्याच परंपरेचा आधुनिक दुवा म्हणजे १९९९ चा बोलोन्या जाहीरनामा. २९ युरोपीय देशांच्या शिक्षणमंत्र्यांनी या शहरात एकत्र येऊन परस्परांच्या पदव्या तुल्य ठरविण्याची दिशा आखली. एका देशातील श्रेयांक दुसऱ्या देशात ग्राह्य धरण्याची जी सोय आजचे विद्यार्थी गृहीत धरतात, तिचा पाया त्यामुळे विस्तारला.

प्रथम पत्ता तपासावा

बोलोन्या विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणजे वास्तव्य बोलोन्यातच असेल, असे नाही. विद्यापीठाची संकुले बोलोन्याखेरीज चेझेना, फोर्ली, रावेन्ना आणि रिमिनी या चार शहरांतही आहेत. रिमिनी बोलोन्यापासून शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर, समुद्रकाठी वसलेले आहे. त्यामुळे प्रवेशपत्रावरील शहराचे नाव न पाहता खोली भाड्याने घेणे महागात पडू शकते.

बोलोन्यात प्रवेश असला तरी शहरांतर्गत अंतरे लक्षात घ्यावी लागतात. मानव्यविद्या आणि विधी यांच्या बहुतांश वास्तू जुन्या शहराच्या ईशान्य भागात, व्हिया झांबोनी या रस्त्याच्या आसपास आहेत. विद्यापीठाचे मुख्यालय पालाझ्झो पोज्जी याच रस्त्यावर ३३ क्रमांकाच्या वास्तूत असून १८०३ पासून विद्यापीठाचे केंद्र येथे आहे. वैद्यकाचे शिक्षण पूर्वेकडील सांतोर्सोला रुग्णालयाच्या परिसरात चालते. अभियांत्रिकीची जुनी इमारत नैर्ऋत्येस, सारागोझ्झा दरवाजाबाहेरील टेकडीच्या पायथ्याशी आहे, तर तिच्या काही शाखा वायव्येकडील लाझ्झारेत्तो भागात गेल्या आहेत. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना तर थेट ओझ्झानो या शेजारच्या गावी जावे लागते. याचाच अर्थ असा, की ‘शहराच्या मध्यभागी खोली’ ही प्रत्येकासाठी सोयीची असेलच असे नाही.

नगररचनेची गुरुकिल्ली

बोलोन्याचा नकाशा एकदा समजला की सहसा चुकामूक होत नाही. शहराच्या मधोमध पूर्व-पश्चिम जाणारा रित्सोली व ऊगो बास्सी हा सरळ मार्ग म्हणजे इ. स. पूर्व १८७ मध्ये आखलेल्या व्हिया एमिलिया या रोमन राजमार्गाचाच भाग. त्याला उत्तरेकडून येऊन मिळणारा इंदिपेंदेन्झा रस्ता रेल्वे स्थानकाकडे जातो. दोहोंचा मिळून इंग्रजी ‘टी’ या अक्षरासारखा आकार होतो. या आकाराला लागून दक्षिणेस पिआत्सा माज्जोरे हा मुख्य चौक आणि पूर्वेस दोन मनोरे, अशा खुणा पक्क्या कराव्यात. मनोऱ्यांपासून झांबोनी, सान व्हिताले, स्त्रादा माज्जोरे, सांतो स्तेफानो आणि कास्तिल्योने हे रस्ते हाताच्या बोटांसारखे फाकत जातात.

या साऱ्या जुन्या शहराभोवती एके काळी सुमारे साडेसात किलोमीटर लांबीचा तट होता. विसाव्या शतकाच्या आरंभी तो बहुतांशी पाडून तेथे वर्तुळाकार रुंद रस्ता करण्यात आला. बारा दरवाजांपैकी दहा मात्र आजही उभे आहेत. पुण्यात जशी माणसे पेठेच्या नावाने पत्ता सांगतात, तशी बोलोन्यात दरवाजाच्या नावाने सांगतात. दरवाजा ओलांडताच रस्त्याचे नावही पुष्कळदा बदलते. उदाहरणार्थ, सान व्हिताले रस्ता तटाबाहेर मास्सारेंती होतो आणि स्त्रादा माज्जोरेचा मात्सिनी होतो. पत्ता लिहून घेताना ही बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

चालणे : सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुखद

स्थानकापासून मुख्य चौकापर्यंत पायी जाण्यास पंधरा ते वीस मिनिटे पुरतात. जुन्या शहराच्या एका टोकापासून दुसरे टोक साधारण पाऊण तासात गाठता येते. या पायपिटीला सुखावह करणारी गोष्ट म्हणजे येथील पोर्तिको. इमारतीच्या तळमजल्यासमोरून सलग जाणाऱ्या या कमानदार पडव्यांची कल्पना मुंबईकरांना दादाभाई नौरोजी रस्त्यावरील कमानींखालच्या पदपथावरून सहज यावी. फरक इतकाच, की बोलोन्यात त्यांची एकूण लांबी सुमारे ६२ किलोमीटर भरते. २०२१ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

या पोर्तिकोंच्या जन्मकथेतही विद्यार्थ्यांचा वाटा आहे. मध्ययुगात विद्यार्थी व कारागीर यांची गर्दी वाढली, तशी जागेची टंचाई झाली. घरमालकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि त्यांना खालून लाकडी खांबांचा आधार दिला. नगरसत्तेने हे अतिक्रमण पाडले नाही, उलट त्याला नियमाचे रूप दिले. १२८८ च्या कायद्यान्वये नव्या घरांना पोर्तिको ठेवणे बंधनकारक झाले. घोडेस्वाराला खालून जाता यावे अशा बेताने त्याची किमान उंची ठरविण्यात आली. जागा खाजगी मालकीची, देखभाल मालकाची, पण वहिवाट सर्वांची, असा हा अपूर्व करार सात शतकांहून अधिक काळ टिकला आहे. पावसाळी दिवसांत छत्री न उघडताही विद्यार्थी वर्गापर्यंत पोहोचू शकतो, तो या करारामुळेच. स्त्रादा माज्जोरेवरील कोर्ते इझोलानी येथे तेराव्या शतकातील उंच लाकडी खांबांचा पोर्तिको अद्याप पाहावयास मिळतो.

सारागोझ्झा दरवाजापासून सान लूका टेकडीवरील देवालयापर्यंत जाणारा पोर्तिको तर जवळपास चार किलोमीटरचा असून त्याला ६६६ कमानी आहेत. त्याच्या बांधकामास १६७४ मध्ये प्रारंभ झाला. दरवर्षी मे महिन्याच्या सुमारास देवालयातील मेरीमातेची प्रतिमा मिरवणुकीने शहरात आणली जाते. चढण दमछाक करणारी असली तरी एकही पैसा न खर्चता शहराचे विहंगम दर्शन घडविणारी ही वाट आहे.

एक सूचना मात्र भारतीय विद्यार्थ्यांनी विशेषत्वाने पाळावी. इटलीत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात. त्यामुळे रस्ता ओलांडताना प्रथम डावीकडे पाहावे लागते. आयुष्यभर प्रथम उजवीकडे वळलेली मान ही सवय सहजासहजी सोडत नाही.

बस, सायकल आणि मोटार

शहरातील बससेवा ‘तेपेर’ या कंपनीमार्फत चालते. तिकिटे ‘तबाक्की’ म्हणजे तंबाखूच्या परवानाधारक दुकानांत, यंत्रांवर वा मोबाइलवर मिळतात. बसमध्ये संपर्करहित कार्डानेही पैसे भरता येतात. तिकीट खिशात असणे पुरेसे नसते. बसमध्ये चढताच ते यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटविणे आवश्यक असते. मासिक वा वार्षिक पास असला तरी प्रत्येक वेळी त्याची नोंद करावी. शिक्का नसलेले तिकीट हे तिकीट नसल्यासारखेच मानले जाते आणि तपासनीसापुढे भाषेच्या अज्ञानाची सबब चालत नाही. दीर्घकाळ राहणाऱ्यांनी तरुणांसाठीच्या सवलतीच्या वार्षिक पासची चौकशी पहिल्याच आठवड्यात करावी.

वेळापत्रक वाचताना एका शब्दाने पुष्कळांची फसगत होते. ‘फेरियाले’ हा शब्द सुटीचा वाटतो, पण त्याचा अर्थ कामाचा दिवस असा आहे. सुटीच्या दिवसासाठी ‘फेस्तिव्हो’ हा शब्द आहे. रविवारी आणि रात्री उशिरा फेऱ्या विरळ होतात. १५ ऑगस्टच्या आगेमागे तर शहर निम्मेअधिक ओस पडते. ‘शोपेरो’ म्हणजे संप, हाही येथील जीवनाचा नित्याचा भाग समजावा. संपाची पूर्वसूचना दिली जाते आणि ठराविक तासांत सेवा चालू ठेवण्याचे बंधन असते. रेल्वेच्या बाबतीत कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि सायंकाळी ६ ते ९ या वेळांत अत्यावश्यक गाड्या सोडल्या जातात. परीक्षेच्या दिवशी संप असेल तर हे तास माहीत असलेला विद्यार्थीच वेळेवर पोहोचतो.

सपाट भूमीमुळे सायकल हे विद्यार्थ्यांचे आवडते वाहन आहे. तटाच्या जागी झालेल्या वर्तुळमार्गावर स्वतंत्र सायकलपथ आहे. पोर्तिकोखालून मात्र सायकल चालविण्यास मनाई आहे. सायकलचोरी ही या शहराची जुनी डोकेदुखी होय. विद्यापीठ परिसरात कोणी अतिस्वस्त सायकल देऊ केली तर ती चोरीची असण्याची शक्यता मोठी, आणि अशी खरेदी हा गुन्हा आहे. दुकानातून पावतीसह घेतलेली साधी जुनी सायकल आणि भक्कम कुलूप, हाच शहाणपणाचा मार्ग.

मोटारीचा मोह टाळावा. जुन्या शहराचा मोठा भाग दिवसा मर्यादित वाहतूक क्षेत्र असून प्रवेशद्वारांवर कॅमेरे बसविलेले आहेत. परवान्याविना आत शिरलेल्या वाहनाच्या मालकाला काही आठवड्यांनी दंडाची नोटीस घरपोच मिळते. २०१२ पासून मध्यवर्ती रस्ते शनिवार-रविवारी पादचाऱ्यांसाठी मोकळे ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. जानेवारी २०२४ मध्ये शहरातील बहुतेक रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची वेगमर्यादा लागू करण्यात आली, तेव्हा त्यावरून देशभर वादंग माजला होता. १९६३ मध्ये बंद पडलेली ट्राम पुन्हा आणण्यासाठी २०२३ मध्ये कामे सुरू झाली. त्यामुळे बसमार्गांत वारंवार बदल होत आले आहेत. निघण्यापूर्वी त्या दिवसाचा मार्ग पाहून घेणे इष्ट.

स्थानक आणि त्याचे थांबलेले घड्याळ

विमानतळ आणि मध्यवर्ती रेल्वे स्थानक यांच्यामध्ये नोव्हेंबर २०२० पासून ‘मार्कोनी एक्स्प्रेस’ ही एकरुळी गाडी धावते. प्रवास अवघ्या सात-आठ मिनिटांचा, पण भाडे साध्या बसच्या तुलनेत पुष्कळच अधिक आहे. मधला एकमेव थांबा लाझ्झारेत्तो येथे, विद्यापीठाच्या संकुलाजवळ आहे.

बोलोन्याचे स्थानक म्हणजे इटलीच्या रेल्वेजालाचा जणू नाभिबिंदू. अतिवेगवान गाडीने फ्लॉरेन्स सुमारे चाळीस मिनिटांवर, तर मिलान तासाभराहून थोडे अधिक अंतरावर आहे. नवख्याने येथे वेळेचे गणित सैल ठेवावे. २०१३ मध्ये खुल्या झालेल्या भूमिगत भागात १६ ते १९ क्रमांकांचे फलाट आहेत आणि तेथे उतरण्यास बराच वेळ लागतो. शिवाय ‘एस्त’ म्हणजे पूर्व आणि ‘ओव्हेस्त’ म्हणजे पश्चिम असे स्वतंत्र फलाट मुख्य फलाटांच्या दोन टोकांना आहेत. ‘१’ आणि ‘१ ओव्हेस्त’ हे दोन वेगळे फलाट असून त्यांतील घोटाळ्याने गाडी हमखास चुकते. प्रादेशिक गाडीचे छापील तिकीट चढण्यापूर्वी यंत्रात शिक्का मारून घ्यावे लागते, तर मोबाइलवरील तिकिटाची नोंद गाडीत बसण्यापूर्वी करावी लागते.

या स्थानकाच्या दर्शनी भागावरील एक घड्याळ १० वाजून २५ मिनिटे दाखवीत थांबलेले आहे. ते नादुरुस्त नाही. २ ऑगस्ट १९८० रोजी त्या क्षणी प्रतीक्षालयात झालेल्या बॉम्बस्फोटात ८५ जणांचा बळी गेला. रुग्णवाहिका अपुऱ्या पडल्या तेव्हा ३७ क्रमांकाची एक शहर बस खिडक्यांना चादरी लावून मृतदेह वाहून नेत राहिली. प्रतीक्षालयाच्या भिंतीतील भगदाडाची खूण जपून ठेवण्यात आली आहे. रोज या वाटेने जाणाऱ्या विद्यार्थ्याने ते घड्याळ कशाचे, हे जाणून असावे.

कागदपत्रे हीच प्रवासाची खरी शिदोरी

भारतीय विद्यार्थ्याने दीर्घ मुदतीच्या व्हिसावर इटलीत पोहोचल्यापासून आठ कामकाजी दिवसांच्या आत ‘पेर्मेस्सो दी सोज्जोर्नो’ म्हणजे निवास परवान्यासाठी अर्ज करणे आवश्यक असते. अर्जाचा संच टपाल कार्यालयात मिळतो आणि तेथेच भरून द्यावा लागतो. त्या वेळी मिळणारी पावती जिवापाड जपावी. प्रत्यक्ष कार्ड हाती येण्यास काही महिनेही लागू शकतात. तोपर्यंत व्हिसाची मुदत संपली तर केवळ पावतीच्या आधारे अन्य शेंगेन देशांत जाता येत नाही. दिवाळीला मायदेशी येताना फ्रँकफुर्ट वा पॅरिसमार्गे तिकीट काढलेल्या विद्यार्थ्याची अडचण होते, ती नेमकी येथे. अशा वेळी इटलीहून शेंगेनबाहेरील विमानतळामार्गे प्रवास करणे सुरक्षित. ‘कोदिचे फिस्काले’ हा करक्रमांकही आरंभीच घ्यावा. भाडेकरार, बँक खाते, फार काय, दूरध्वनीची जोडणीदेखील त्यावाचून होत नाही. आपत्कालीन मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

निवासाचा प्रश्न मात्र कागदांनी सुटत नाही. सर्व संकुले मिळून विद्यापीठात सुमारे ९० हजार विद्यार्थी शिकतात. त्यात पर्यटकांसाठी दिल्या जाणाऱ्या अल्पकालीन भाड्याच्या घरांची भर पडल्याने खोल्या दुर्मीळ आणि महाग झाल्या आहेत. ज्या शहराने विद्यार्थ्यांना सामावून घेण्यासाठी घरे रस्त्यावर पुढे काढली, त्याच शहरात आज विद्यार्थ्याला खोली मिळत नाही, हा काळाचा उपरोध म्हणावा लागेल. प्रत्यक्ष खोली पाहिल्याविना वा नोंदणीकृत करार झाल्याविना आगाऊ रक्कम पाठवू नये. जुन्या शहरातच राहण्याचा आग्रह सोडून उपनगरी रेल्वेच्या स्थानकाजवळील गावांचा विचार केल्यास खर्च आवाक्यात येऊ शकतो.

अभ्यास, विसावा आणि काही श्रद्धा

मुख्य चौकालगतचे साला बोर्सा हे सार्वजनिक ग्रंथालय २००१ मध्ये सुरू झाले. तेथे विनामूल्य प्रवेश असून काचेच्या जमिनीखाली रोमन काळातील अवशेष दिसतात. आर्किजिन्नासिओ ही १५६३ मध्ये पूर्ण झालेली विद्यापीठाची जुनी वास्तू शेजारीच आहे. तिच्या भिंतींवर पूर्वीच्या हजारो विद्यार्थ्यांची कुलचिन्हे रंगविलेली आहेत. तेथील १६३७ चे लाकडी शरीरविच्छेदनगृह जानेवारी १९४४ च्या बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झाले, ते मूळ लाकूड वेचून पुन्हा उभारण्यात आले. सान पेत्रोनिओ चर्चच्या फरशीवर खगोलज्ञ कासिनी याने १६५५ मध्ये आखलेली मध्यान्हरेषा आहे. छतातील छिद्रातून येणारा सूर्यकिरण रोज दुपारी ती ओलांडतो.

आसिनेल्ली हा ९७ मीटर उंचीचा मनोरा ४९८ पायऱ्यांचा आहे. पदवी मिळण्यापूर्वी जो विद्यार्थी तो चढेल त्याला पदवी मिळत नाही, अशी येथील समजूत आहे. शेजारच्या झुकलेल्या गारिसेंदा मनोऱ्याच्या स्थैर्याविषयी चिंता निर्माण झाल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये तो परिसर बंद करण्यात आला आणि आसिनेल्लीचीही चढाई थांबली. श्रद्धेला अशा रीतीने तंत्रज्ञांचा हातभार लागला.

फोर्लीच्या वाटेवरची मराठी खूण

बोलोन्याहून फोर्लीकडे जाणारी गाडी कास्तेल बोलोन्येझे आणि फाएन्झा यांच्या दरम्यान सेनिओ नावाची लहानशी नदी ओलांडते. याच नदीच्या काठी ९ एप्रिल १९४५ रोजी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमधील शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सहकाऱ्यांना सुरक्षित स्थळी पोहोचवून शत्रूची मशीनगन ठाणी एकट्याने निकामी केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस प्रदान करण्यात आला. त्यानंतर बाराच दिवसांनी, २१ एप्रिलला बोलोन्या मुक्त झाले. फोर्ली येथे भारतीय सैनिकांची युद्धस्मशानभूमी आणि ज्यांना अग्नी देण्यात आला त्या जवानांचे स्मारक आहे. त्या संकुलात शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने सवड काढून तेथे अवश्य जावे.

पुस्तकांच्या ओढीने परमुलखात आलेल्या तरुणाला निर्धास्तपणे हिंडता यावे, ही या शहराची सर्वांत जुनी शिकवण होय. सनद देणारे सम्राट आता राहिले नाहीत. त्यांची जागा परवान्याच्या पावतीने आणि तिकिटावरच्या शिक्क्याने घेतली आहे. तेवढी दक्षता बाळगणाऱ्याला बोलोन्याच्या कमानी आजही ऊन-पावसात आपली सावली देतात.